गुळावर वाढलेला कंट्रोल ग्रुप

"परत मार," मी सुमनला म्हटलं.

सुमन चौगुलेनं बोटांना खडू लावला, भिंतीशी उभी राहिली आणि पुन्हा उडी मारली. खडूची खूण आधीच्या खुणेच्याही वर उमटली. तिच्या गटातल्या बाकीच्या मुलींचं तेच. सगळ्यांची उडी वाढली होती. कुठल्याही पी.टी.च्या शिक्षिकेला आनंद व्हावा अशी गोष्ट. पण या मुलींची उडी वाढायला नको होती.

ही गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. मी कसबा बावड्यातल्या एका हायस्कूलमध्ये शारीरिक शिक्षण शिकवत होते. त्या वर्षी रजा घेऊन एम.पी.एड. करत होते, म्हणजे याच विषयातली पदव्युत्तर पदवी. त्यासाठी प्रबंध लागतो; त्याच्या प्रयोगापुरती मी रोज शाळेत यायची. माझा विषय होता, वजनं उचलून कबड्डी खेळणाऱ्या मुलींच्या पायांची ताकद वाढते का? आज हे कुणी विचारणारही नाही. तेव्हा तालमीतले वस्ताद पैलवानांनासुद्धा लोखंड उचलू देत नसत, अंग आखडतं म्हणून. मुलींचं तर नावच नको. शहरातल्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यानं मला वजनाच्या प्लेट्स ओतून दिल्या, पण कुणासाठी ते कळल्यावर त्यानं हातातला चहा खाली ठेवला.

असल्या प्रयोगात दोन गट करतात. एक गट खेळाबरोबर वजनं उचलतो. दुसरा नुसता नेहमीसारखा खेळतो. तो कंट्रोल ग्रुप. शेवटी दोघांची तुलना करायची. पहिला पुढे गेला तर श्रेय वजनांचं. कोण कुठल्या गटात जाणार हे मी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. सुमन कंट्रोल ग्रुपमध्ये गेली. ती रडली. तिचे वडील खूश झाले. ते आधीच शाळेत येऊन सांगून गेले होते, "पोरीचं अंग राठ झालं तर पावणं बघायला येत्याल का, बाई?"

आणि आता उडीवरून मोजलेली पायांची ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढलेली. प्रबंध बुडालाच म्हणायचा.

मी कंट्रोल ग्रुपला व्हरांड्यात बसवलं. "वजनांना कोण कोण हात लावत होतं?"

"कुणीच न्हाय, बाई. लोखंडाला हात लावला असला तर शप्पत."

"मग?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी सुमनच म्हणाली, "गुळाला लावला."

चौगुल्यांचं गुऱ्हाळ शाळेमागच्या मळ्यात होतं. शाळा सुटली की मी संध्याकाळच्या बसनं शहरात परत जायची. मग हा गट गुऱ्हाळावर जमायचा. गुळाच्या ढेपेला आमच्याकडे रवा म्हणतात. लहान रवे असतात, मोठे असतात. मुली खांद्यावर रवा घेऊन बैठका मारत होत्या. आधी लहान, मग त्याहून मोठा. वजन असं हळूहळू चढवत न्यायचं, हे मी वजनांच्या गटाला शिकवलं होतं. त्या गटातल्या मैत्रिणींनी ते इकडे जसंच्या तसं पोचवलं होतं.

"कुणी सांगितलं होतं हे?"

"तुमी आमास्नी वगळलं की," सुमन म्हणाली. "त्या उचलणार आन् आमी नुसतं बघणार व्हय? उद्या संघ निवडताना त्यांनाच घेतलं असतं तुमी."

मी त्यांना पाठ ताठ ठेवून बैठक मारून दाखवायला सांगितली. कुणाला काही इजा नव्हती. बैठका चांगल्या होत होत्या.

गुऱ्हाळावर गेले तर चौगुले रस उकळायच्या काहिलीपाशी उभे होते.

"चौगुले, तुम्हाला तर मुलींनी वजनं उचललेली चालत नव्हती."

"लोखंड न्हाय चालत, बाई. ह्यो गूळ हाय. घरचं काम." त्यांनी गोदामाकडे हात केला. रवे छतापर्यंत रचलेले. "व्यायाम झाला की पोरी रचून जात्यात. हमालाची गरजच न्हाय राहिली."

माझे गाईड शांत माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नव्यानं प्रयोग करायचा, तर वर्ष गेलं."

वर्ष घालवणं मला परवडणारं नव्हतं. एका कॉलेजात जूनमध्ये लेक्चररची जागा भरणार होती.

"सर, विषय बदलला तर? लोखंड आणि गूळ, दोन प्रकारचा भार. दोन्हींनी ताकद वाढली. हा निष्कर्ष चांगला आहे."

"चांगला आहे, पण प्रयोग झाल्यावर प्रश्न बदलायचा नसतो."

"मग काय लिहू?"

"जे झालं ते. दोन गटांत फरक आढळला नाही. का आढळला नाही, तेही लिहा. तोंडी परीक्षेत बोलणी खावी लागतील, तयारी ठेवा."

मी ते लिहिलं. टायपिस्टनं 'गूळ' शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारून शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं.

बाहेरचे परीक्षक परगावचे होते. त्यांनी ते प्रकरण उघडून माझ्यासमोर धरलं.

"यातून तुम्ही काय सिद्ध केलंत?"

"काही नाही, सर. माझा कंट्रोल ग्रुप कंट्रोलमध्ये नव्हता."

ते हसले नाहीत. मग भाराबद्दल, बैठकीबद्दल बरंच विचारलं. ते सगळं मला येत होतं. मी पास झाले, सेकंड क्लासमध्ये. जूनमधली जागा फर्स्ट क्लासवाल्या उमेदवाराला मिळाली. मी बावड्याला परत रुजू झाले. त्या वर्षी संघात दोन्ही गटांतल्या मुली होत्या आणि मैदानावर कोण कुठल्या गटातली, ते मलाही सांगता येत नव्हतं. चौगुल्यांनी पुढच्या हंगामात हमाल ठेवला, कारण सुमन रोज सरावाला शाळेत थांबायला लागली होती. ते कुरकुरले, पण तिला थांबवलं नाही.

कॉलेजात मी गेले काही वर्षांनी. तिथे माझ्याकडेही विद्यार्थी प्रबंधाला येऊ लागले. बहुतेकांना ग्रंथालयात काय वाचू हे विचारायचं असायचं. मी आधी एवढंच विचारायची, "दोन्ही गट एकाच गावातले आहेत का?" हो म्हणाले, की विषयाचा कागद परत द्यायची.