पुढच्या ओळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, प्रार्थनेच्या मंडळीत तर नाहीच. तिथे मला 'वचन समजलेला माणूस' म्हणतात. मीही कधी नको म्हटलं नाही.

आमच्यात एक पद्धत आहे. रविवारी अंजूर गावातल्या खोलीत प्रार्थनेला जमलो की प्रत्येकाने सांगायचं — या आठवड्यात घरी बायबल वाचताना आपल्याला काय मिळालं. मी वडप्याच्या गोदामात सुपरवायझर. दिवसभर गाड्या खाली करून घेतल्यावर वाचतंय कोण? घरी मंडळीचं कॅलेंडर होतं, रोजच्या चौकोनात एक वचन छापलेलं. तेवढं पाहायचं आणि त्यावर बोलत सुटायचं. बोलण्यात मी पहिल्यापासून पटाईत. तुम्ही म्हणाल, एवढंच का? एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो.

माझी धाकटी बहीण सुनंदा दिघाशीला दिलेली. तीही मंडळीतली, पण तेव्हा तिला धड वाचता येत नव्हतं, म्हणून सगळं मलाच विचारायची. एका सकाळी ती आमच्याकडे आली — मनगट सुजलेलं. नवरा मारतो हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"दादा, मला तिथं न्हाय जायचं," म्हणाली. "पण देवाच्या पुस्तकात काय हाय ते सांग. तू सांगशील तसं करीन."

कॅलेंडरवरचं एक वचन मला पाठ होतं — बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं, असं. तेच सांगितलं. ती उठून चहा टाकायला गेली.

मला तेवढंच माहीत होतं, असं मी स्वतःला आजवर सांगत आलो. कॅलेंडर वाचणारा माणूस, त्याला काय कळणार? — हे खोटं आहे. ती चहा टाकत होती तेव्हा मी बायबल उघडलं. अध्याय-वचन सांगितलं की तिचा प्रश्नच मिटेल, असा हिशेब. आणि पहिल्यांदाच मी एक अख्खं पान स्वतः वाचलं. आधीची ओळ दोघांनाही एकमेकांच्या अधीन व्हायला सांगत होती. पुढच्या ओळी तर नवऱ्यालाच होत्या — बायकोला स्वतःच्या शरीरासारखं जपण्याबद्दल. त्यात न समजण्यासारखं काय होतं? मला सगळं समजलं. इतकं स्वच्छ मला पुढेही कधी काही समजलं नाही.

मी पुस्तक मिटलं. ती राहिली असती तर तिच्या नवऱ्यासमोर मला उभं राहावं लागलं असतं, आणि मी त्याला घाबरायचो. चहा झाल्यावर खाली जाऊन मीच रिक्षा बोलावली.

पुढे त्याच्या मारात तिचा डावा कान गेला. मग ती कायमची आली.

आता ती गोदामात पॅकिंगला जाते आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः बायबल वाचते, ओळीखाली बोट धरून. परवा ती त्या पानावर पोचली. संध्याकाळी तिने मला ते वाचून दाखवलं — सावकाश, आधीची ओळ, पुढच्या ओळी, सगळं. मग म्हणाली, "तवा तुला हे ठाऊक न्हवतं ना, दादा?"

"न्हाय," मी म्हणालो.

"चुकून झालं मंग," ती म्हणाली, आणि तिने पान उलटलं.