बॅजवरचा पिवळा स्टिकर

मी ऑस्ट्रेलियात एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या निवासात, नर्स आहे. हिवाळ्याआधी फ्लूची लस टोचायचं काम माझ्याकडे असतं. लस घेतलेल्या स्टाफने बॅजवर पिवळा स्टिकर लावायचा, न घेतलेल्याने हिवाळाभर मास्क, असा आमच्याकडचा नियम. त्या वर्षी मी सगळ्या मजल्याला सुया टोचल्या, एक स्वतःला सोडून. आदल्या वर्षी लशीनंतर दोन दिवस अंग मोडून आलं होतं. शिवाय आपण आल्याचा काढा पिणारी माणसं, आपल्याला कुठला फ्लू होतोय, हा माज. मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरायची. स्टिकरची पट्टी माझ्याच ट्रॉलीवर होती, त्यातला एक काढून चिकटवला. लस उद्या घेऊ म्हटलं आणि तो उद्या काही उगवला नाही.

तिथे पुण्याच्या एक आजी होत्या. इंग्रजी जेमतेम, त्यामुळे मीच त्यांच्या हक्काची. लस घ्यायला त्या तयार नव्हत्या.

"तू घेतलीस का गं?" त्यांनी विचारलं.

मी नुसता बॅज पुढे केला. आजींनी बाही वर सरकवली.

जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, माझा घसा खवखवायला लागला. काढा पिऊन दोन दिवस तशीच शिफ्टला गेले, आजींना जेवण भरवलं. तिसऱ्या दिवशी तापाने आडवी झाले, टेस्टमध्ये फ्लू निघाला. त्याच आठवड्यात आजींना फ्लूने हॉस्पिटलात न्यावं लागलं. तो माझ्यामुळेच झाला, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं, त्याचीच आज जास्त लाज वाटते. त्या वयात लस तोकडी पडू शकते, म्हणून तर आम्ही घ्यायची असते. हे मीच सगळ्यांना समजावत असे.

वॉकर धरून का होईना, चालणाऱ्या आजी परतल्या त्या व्हीलचेअरमध्ये. लस देऊनही असं कसं झालं, म्हणून त्यांची लेक माझ्यावर चिडली. आजींनी तिला थांबवलं.

"हिला बोलू नकोस. हिने आधी स्वतः घेतली, मग मला दिली."

खरं सांगायची वेळ हीच होती. लेकीने माझ्या बॅजकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात सॉरी म्हणाली.

मी म्हटलं, "नो वरीज."