एका वाक्याला एक फूल

रंगपंचमी झाली की गाठीकाकू घरोघरी उरलेल्या साखरेच्या बारा-पंधरा माळा गळ्यात घालून मोपेडवरून हिंदी मुलखातल्या आमच्या चेरीतालच्या गल्लीतून निघत. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या. पिशवीत टाकल्या तर चुरा होतो आणि हातात धरल्या तर हँडल सुटतं, म्हणून गळ्यात. मागे दोन-चार मधमाश्या हमखास असायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, ह्या बाई कुठली तरी निवडणूक जिंकून आल्या आहेत.

होळीला मुलांच्या गळ्यात गाठी घालायची आपली रीत. मामा घालतो, आत्या घालते, नागपूर-अमरावतीहून येणारा प्रत्येक पाहुणा घालतो. मुलं दोन दिवस कुरतडतात, मग ती माळ खिळ्यावर जाते आणि पावसाळ्यात पाझरून भिंतीवर ओघळ सोडते. सणानंतरच्या कामांच्या माझ्या यादीत शेवटी 'गाठींचं काहीतरी करणे' असायचं आणि नेमकं तेवढंच राहून जायचं. एका वर्षी वैतागून मी सगळ्या कचऱ्यात टाकायला निघाले, तर शेजारच्या गच्चीवरून आवाज आला.

"काहून गं शैला, फेकून राहिली का?"

"दगड झालेत, काकू."

"झाले तर झाले. साखरच आहे ना? आण इकडे."

काकू कचेरीत टायपिस्ट होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. मार्चनंतर दोन महिने त्यांच्या घरी साखरेचा डबा उघडत नसे. चहा उकळला की माळ दोऱ्यासकट पातेल्यात सोडायची, गोडी चाखायची आणि दोरा ओढून घ्यायचा. दोरे धुऊन वाळत घातलेले असत. माळेतल्या एकेका चकतीला त्या फूल म्हणत. पाहुण्याला विचारायच्या, "तीन फुलं की चार?" कैरीचं पन्हं गाठींचं, लिंबाचं सरबत गाठींचं. गल्लीत लग्न निघालं की मेंदी रंगावी म्हणून लिंबू-साखरेचं पाणी काकूंकडूनच जायचं. गुलाबी गाठींचा साखरांबा गुलाबी व्हायचा. समोरच्या तिवारीबाई तो चाटून चाटून खात आणि विचारत, "दीदी, ये पिंक वाला कैसे बनता है?" काकू गंभीरपणे सांगत, "आम ही अलग है जी. सबको नहीं मिलता."

ह्या सगळ्यात मला हसू यायचं, पण माझं खरं काम त्या गाठींनी केलं ते वेगळंच.

माझी मीनू तेव्हा नऊ वर्षांची. मराठी समजायचं सगळं, उत्तर मात्र हिंदीत. अमरावतीहून नाना, म्हणजे माझे वडील, उन्हाळ्यात महिनाभर यायचे. त्यांना मीनूची भरभर हिंदी अर्धीच समजायची आणि बोलायची लाज वाटायची. नात आणि आजोबा एका झोपाळ्यावर बसत, तिला त्यांचं कळे, त्यांना तिचं नाही, आणि बोले कोणीच नाही. मधे दुभाषी मी, तेही भाजी फोडणीला टाकता टाकता. त्या वर्षी जाताना नाना स्टेशनवर म्हणाले, "शैला, पुढच्या वर्षी काही येत नाही बाई. गप्पच बसायचं तर घरची भिंत काय वाईट आहे?"

मी हे काकूंना सांगितलं. पुढच्या होळीनंतर त्यांनी पूर्ण गल्लीच्या माळा गोळा केल्या आणि दर रविवारी सकाळी आपल्या ओसरीत आठ-दहा मराठी पोरं बसवली. दर एकच : पूर्ण मराठी वाक्याला एक फूल. 'ळ' नीट म्हटला तर दोन.

पोरं लगेच लबाडीला लागली. बंटी दर वेळी येऊन सांगायचा, "माझं नाव बंटी आहे."

"ते गेल्या रविवारीही तेच होतं. नवीन बोल."

"माझं नाव... आजही बंटी आहे."

काकूंनी त्याला फूल दिलं. म्हणाल्या, "डोकं लावलं पोरानं."

मीनू दोन रविवार तोंड शिवून बसली. तिसऱ्या रविवारी काकूंनी तिच्यासमोर एक पिवळं फूल धरलं. ती चिडून म्हणाली, "मला गाठी नको!"

"घे," काकू म्हणाल्या. "नको म्हणालीस तरी वाक्य पूर्ण आहे."

तिथून ती थांबली नाही. मी अमरावतीला फोन केला आणि नानांना कसंबसं यायला राजी केलं.

मे महिन्यात नाना आले. रिक्षातून उतरतात न उतरतात तोच मीनू पुढे झाली. "नाना, तुमचा प्रवास कसा झाला? गाडीत जागा मिळाली का?"

नानांनी चष्मा काढून पुसला. मीही पदर डोळ्याला लावणार, एवढ्यात मीनूनं हात पुढे केला. "दोन वाक्यं झाली. दोन फुलं द्या."

मी तडक काकूंच्या घरी गेले. "काकू, पोरीला लाच खायला शिकवलं तुम्ही! बापासमोर मान खाली गेली माझी."

"अच्छा? आणि आधी फुकट बोलत होती का?" काकूंनी एक अख्खी माळ माझ्या हातात दिली. "जा, नानांना दे. त्यांच्याजवळ काही नसेल तर बिचारे काय करतील?"

परत आले तर नानांनी आपलाही दर ठरवून घेतला होता : त्यांच्या एका हिंदी वाक्याला एक फूल. "हम आज खिचडी खाऊन राहा है," ते सांगत होते.

"आधा फूल," मीनू म्हणाली. "खाऊन हिंदी नहीं है, नाना."

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी दोघं पत्त्यांवरून कचाकचा भांडत होते, अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत. ताटलीतली फुलं घामेजून एकमेकांना चिकटली होती आणि कोणी मागत नव्हतं. काकूंनी दारातून पाहिलं आणि हळूच ताटली उचलून घेतली. "चलो, आता लागत नाही. पन्हं करते." नाना पुढची सहा वर्षं येत राहिले, शेवटपर्यंत.

मीनू कॉलेजला गेली त्या वर्षी काकूंच्या मुलानं त्यांना बंगळूरला नेलं. मोपेड त्यांनी बंटीला देऊन टाकली. जाताना रडल्या नाहीत, मला चार सूचना दिल्या आणि साखरांब्याची बरणी तिवारीबाईंकडे पोचवायला सांगितली.

होळीच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "शैला, इथे गाठी मिळत नाहीत. पंधरा माळा पाठवशील का? नातू सात वर्षांचा आहे. माझं सगळं समजते त्याला. बोलत मात्र नाही माझ्याशी."

मी त्या दिवशी यादीतलं बाकी सगळं सोडलं. तेवीस माळा कापसात गुंडाळून, खोक्याला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून पाठवल्या. आठ दिवसांनी पुन्हा फोन.

"पोचल्या. पण एक माळ धड नाही गं, सगळ्यांचे तुकडे झाले."

मला फार वाईट वाटलं. "दुसऱ्या पाठवू का, काकू?"

"वेडी आहेस का? तुकडे जास्त तर वाक्यं जास्त." मग फोन तोंडापासून दूर गेला आणि मला त्यांचा जुना, ओसरीतला आवाज ऐकू आला : "नुसतं बोट नाही दाखवायचं, राजा. काय पाहिजे, ते नीट बोल."

नातू काय बोलतो ते ऐकायला मी फोन कानाला धरून उभी राहिले.