आवाज न करणारी रायफल

ती घटना मी अजून विसरलो नाही. वडील सिंगापूरच्या बंदरात नोकरीला आले आणि इथलेच झाले, त्यामुळे माझा गणवेश इथला आणि घरची भाषा मराठी. पोलिसांत उभी हयात गेली. दारुडे, दरोडेखोर, सुरा घेऊन अंगावर येणारे, सगळे पाहिले. पण त्या शनिवारी मी भ्यालो तसा कधी भ्यालो नाही.

२०१० नंतरची ती वर्षं. सोमाली चाच्यांच्या धास्तीने जहाजांवर बंदूकधारी रक्षक ठेवू लागले होते. वुडलँड्सच्या आमच्या ठाण्यात सकाळी एक बाई आली आणि पर्स हरवल्याची तक्रार करू लागली. पर्स तिच्या काखेतच होती. काखेत कळसा म्हणून एरवी मी हसलो असतो, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. शिवाय राहायची पुंगोलला, मग इतक्या लांबच्या ठाण्यात कशाला? माणूस लांबचं ठाणं गाठतो तो ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून.

"ताई, आत या. पाणी घ्या," मी मराठीत म्हणालो, आणि तिला रडूच फुटलं.

तिचा नवरा जहाजावर चीफ इंजिनीअर. मागच्या सफरीत चाचे जहाजावर चढले होते. हा आपली माणसं घेऊन खाली इंजिनरूममध्ये बंद झाला होता. त्याचा एक ऑइलर, इंजिनाला तेलपाणी करणारा खलाशी, वरच राहिला आणि मारला गेला. घरी आल्यापासून नवरा धड झोपत नव्हता. त्या सकाळी ती कोथिंबीर निवडत असताना तो फोनवर हिंदीत बोलत होता. पलीकडे जहाजावरचा एक जुना रक्षक होता, आता सीमेपलीकडे, मलेशियातल्या जोहोरला राहणारा.

"सेमी-ऑटोमॅटिक रायफल हवी म्हणाले. सायलेन्सर लावल्यावर सगळ्यात कमी आवाज कोणती करते, कोणती ऐन वेळी अडकत नाही, मुलांचं दप्तर निवडावं तसं विचारत होते हो! आज संध्याकाळी गाडी घेऊन जोहोरला जाणार आहेत." मग ती एकदम थांबली. "साहेब, मी नवऱ्याला फासावर चढवायला आलेय का?"

मी तिला खोटा धीर दिला नाही. या देशात बंदूक बाळगण्याला तुरुंग आणि फटके आहेत, आणि गोळी झाडली तर फाशी. तो जोहोरहून कॉजवेच्या पुलावरून रायफल घेऊन परतला असता, तर माझ्याही हातात काही उरलं नसतं.

पलीकडे जोहोरच्या पोलिसांना कळवलं आणि आम्ही पुंगोलला निघालो. मुलं घरात होती. एखादं हत्यार आधीच घरात आलं असेल तर? त्या मजल्यावरची शेजारची घरं आवाज न करता रिकामी केली. लिफ्टमध्ये कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

दार त्यानेच उघडलं. शांतपणे हात पुढे केले. त्याच्यामागून त्याची छोटी मुलगी डोकावली आणि म्हणाली, "बाबा, ड्रिल अगेन, आह?"

कसली ड्रिल, ते आत गेल्यावर कळलं. झडतीत हत्यार सापडलं नाही. पण नव्या फ्लॅटमध्ये पोलादी दाराची जी बॉम्ब शेल्टरची खोली असते, जिथे लोक बॅगा आणि तांदळाची पोती ठेवतात, तिथे पाण्याचे कॅन, बिस्किटं, मुलांची पांघरुणं आणि एक बादली होती. इमारतीखालीच खाडी होती; त्या पाण्याकडच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला होता.

"सर," माझा सहकारी कुजबुजला, "ही वॉन्ट टू लॉक द फॅमिली इनसाइड अँड शूट, आय टेल यू."

मलाही तेच वाटलं होतं.

चौकशीच्या खोलीत त्याने खुर्ची ओढून पाठ भिंतीला लावली आणि दाराकडे तोंड करून बसला. कोणाला मारणार होतास? बायकोला? तेव्हा मात्र त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. डोळे लाल, समोरचा चहा तसाच. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. आरोपीला भीती असते ती समोरच्या अधिकाऱ्याची. या माणसाला माझं काहीच वाटत नव्हतं. तो माझ्या खांद्यावरून दार बघत होता.

दुपारी पाळी बदलली. माझ्या सहकाऱ्याने नव्या माणसाला नेहमीसारखी हकिगत सांगितली, तो "टेकन ओव्हर, सर" म्हणाला, आणि त्या चीफ इंजिनीअरने दारावरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली. कान देऊन ऐकत राहिला. मला वडील आठवले. ते सांगायचे, जहाजावर पाळीच्या पहाऱ्याला वॉच म्हणतात; पुढचा माणूस येऊन "वॉच घेतली" असं तोंडाने म्हणेपर्यंत आधीचा जागा सोडत नाही, मग आभाळ कोसळो. या माणसाची वॉच घ्यायला महिनोन्महिने कोणी आलंच नव्हतं.

मी उठून सरळ उभा राहिलो. "चीफ, दार बंद आहे. बाहेर दोन माणसं आहेत. मुलं आईजवळ आहेत, त्यांच्यापाशी आमच्या पोलीस बाई आहेत. वॉच आता माझ्याकडे."

"नक्की घेतली?" त्याचा पहिला शब्द.

"घेतली."

त्याने टेबलावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा रडला. मग बोलू लागला.

"ते पाण्याकडून येणार आहेत. रोज संध्याकाळी आमच्या खिडकीखाली येऊन बसतात, टेहळणी करतात. दोघं असतात. एकाच्या हातात लांब काहीतरी असतं. ते वर चढायच्या आत मला त्यांना टिपायचं होतं."

"मग सायलेन्सर कशाला?"

"पोरं शेल्टरमध्ये असणार ना, साहेब." मी इतकं साधं विचारतोय याचं त्याला नवल वाटलं. "आम्ही खाली बंद होतो तेव्हा वर गोळ्या चालल्या होत्या. तो आवाज माझ्या पोरांच्या कानावर पडायला नको."

त्याच्या हाती रायफल आलीच नव्हती. डॉक्टरांनी तपासलं, सरकारी वकिलांनी कागद पाहिले, आणि तो तुरुंगाऐवजी इस्पितळात गेला. जोहोरचा तो रक्षक तिकडच्या पोलिसांना सापडला. चीफ पुढे बरा झाला, पण जहाजावर परत गेला नाही. बायकोला त्याने माफ केलं का, हे मी विचारलं नाही. निघताना तिचा हात त्याने धरून ठेवला होता, एवढं मी पाहिलं.

नव्या पोरांना मी नेहमी शिकवत आलो, की गुन्ह्यामागे राग शोधा, हाव शोधा. या प्रकरणाने मला भीती शोधायला शिकवलं. भ्यालेला भला माणूस सज्जनपणेच, मुलांची झोप सांभाळून, खून करायला निघू शकतो.

त्या शनिवारनंतर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी एकटाच त्याच्या खिडकीखाली गेलो. पाण्याकाठच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची म्हातारी बसली होती. म्हाताऱ्याच्या हातात मासे धरायची लांब काठी होती.

"अंकल, रोज येता?" मी इंग्रजीत विचारलं.

"एव्हरी डे लाह. फिश नो, नेव्हर माइंड. विंड व्हेरी गुड."

म्हातारीने थर्मासमधली कोपी, म्हणजे इथली कॉफी, झाकणात ओतून माझ्यापुढे केली. मी वर त्या काळ्या कागदाच्या खिडकीकडे पाहिलं आणि झाकण दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"विंड टू कोल्ड, आह?" तिने मायेने विचारलं.

मी हो म्हणालो.