फिल्टर आणि पलीकडचं अळू

सासूबाई ऑकलंडला आल्या त्या परतीचं तिकीट काढूनच. सासरे गेल्यापासून पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहत होत्या, आणि आता त्यांनी कायमचं आमच्याकडे राहावं असं आम्हा दोघांनाही मनापासून वाटत होतं. नवऱ्याने विमानतळावरून घरी येतानाच गाडीत विषय काढला. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बघू. इथलं पाणी मानवलं तर राहीन."

हे वाक्य आपल्याकडे कधी म्हणतात ते मला कळतं. हो म्हणायचं नसतं आणि नाही म्हणवत नाही, तेव्हा सगळं पाण्यावर ढकलायचं. पण माझा नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला कुणी अडचण सांगितली की ती सोडवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्यातच तिसऱ्या दिवशी सासूबाईंचं पोट बिघडलं. विमानातलं चीज सँडविच बाधलं, असं माझं फार्मासिस्ट म्हणून ठाम मत होतं. नवऱ्याने माझं मत ऐकून घेतलं आणि आरओ फिल्टर ऑर्डर केला.

मी सांगून पाहिलं. आपल्या माउंट रॉस्किल भागात नळाला येणारं पाणी शुद्ध करूनच सोडलेलं असतं, अख्खी गल्ली नळाखाली ग्लास धरून पिते, आपणही इतकी वर्षं पितोय आणि धडधाकट आहोत. क्लोरीनचा वास आवडत नसेल तर पाणी जगमध्ये भरून ठेव, थोड्या वेळाने उडून जातो. अगदीच राहवत नसेल तर कोळशाची गाळणी असलेला साधा जग आण. आरओ लागतो तो बोअरच्या खाऱ्या पाण्याला.

"म्हणजे आईच्या तब्येतीपेक्षा तुला जग महत्त्वाचा," तो म्हणाला. या वाक्यापुढे बायकोचं काही चालत नाही हे त्याला चांगलं माहीत आहे.

मशीन सिंकखाली बसलं. ते पाण्यातलं एकूण एक सगळं काढून घ्यायचं, क्षारसुद्धा. मग ते पाणी इतकं बेचव लागायचं की काढलेले क्षार परत घालायला त्याच मशीनला एक वेगळी नळकांडी जोडावी लागली. एवढं होऊन बाहेर पडलेलं पाणी सासूबाई उकळायच्या, कारण प्लॅस्टिकमधून आलेल्या पाण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. मग ते निवल्यावर पुण्याहून आणलेल्या तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवायचं. नळातून निघालेलं पाणी आमच्या पोटात पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडायचा. आमच्या घरात तहान लागायची असेल तर ती आदल्या दिवशी ठरवून लागावी लागे.

फायदा काहीच नव्हता असं मी म्हणणार नाही. चहाची चव सुधारली. हे मी इथे मान्य करते, नवऱ्यासमोर अजून केलेलं नाही.

खरी पंचाईत सुरू झाली ती सासूबाईंनी सिंकखालचा आवाज ऐकला तेव्हा. "हे काय वाहतंय सारखं?" त्यांनी विचारलं. नवऱ्याने कौतुकाने समजावून सांगितलं की एक तांब्या शुद्ध पाणी मिळवायचं तर दोन-तीन तांबे पाणी बाजूला काढून सोडून द्यावं लागतं.

"सोडून म्हणजे कुठे?"

"ड्रेनमध्ये."

 सासूबाईंचं आयुष्य दिवसातून एकदा येणारं पाणी भरण्यात आणि टँकरची वाट बघण्यात गेलेलं. त्यांच्या मुलाने पैसे मोजून चांगलं पाणी गटारात सोडणारं यंत्र आणलं होतं. त्यांनी त्याच दिवशी ती वाया जाणाऱ्या पाण्याची नळी ड्रेनमधून उपटून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर काढायला लावली आणि खाली बादली ठेवली.

मग आमचं घर त्या बादलीवर चालायला लागलं. ती भरली की जो समोर दिसेल त्याला हाक. फरशी पुसून झाली, पोहून आल्यावरचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, बुचकळून झाले, घरातल्या सगळ्यांच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घासून झाल्या. शेवटी गाडीवर पाळी आली. एका सकाळी त्यांनी माझ्या मुलीच्या हातात बादली आणि फडकं दिलं.

"आजी, इट्स रेनिंग," ती म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. "यू कान्ट वॉश अ कार इन द रेन."

"पावसाचं पाणी वेगळं," आजी म्हणाल्या. गाडी धुतली गेली.

एवढं करूनही पाणी उरायचंच. आणि एक दिवस सासूबाईंना कुंपणापलीकडे अळू दिसलं. शेजारी एक सामोअन आजी एकट्याच राहतात. मुलगा टौरंगाला बंदरावर कामाला असतो. त्यांनी मागच्या अंगणात टारो लावलंय, म्हणजे आपलं अळूच, आणि त्या होज पाइप लावून त्याला पाणी घालत होत्या. सासूबाई आत आल्या त्या अस्वस्थ होऊनच.

"अगं, ती बाई अळूला चांगलं पाणी घालतेय. अळू मोरीच्या पाण्यावर वाढतं. त्याला सांडपाणीच लागतं."

"आई, त्यांचं अळू आहे. त्यांना माहीत असेल."

पण त्या पदर खोचून बादली उचलून निघाल्यासुद्धा. जगात एकीकडे वाया जाणारं पाणी होतं, दुसरीकडे त्या पाण्यासाठीच जन्माला आलेलं झाड होतं, आणि मध्ये फक्त एक लाकडी कुंपण.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी बादली परत करायला आल्या. बादलीत अळूची कोवळी पानं होती. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, त्यांच्याकडेही तसंच असावं. सासूबाईंचा चेहरा उजळला आणि मला पुढचं सगळं दिसायला लागलं. पानांच्या अळूवड्या झाल्या, बादली भरून गेली, वर वड्यांची ताटली गेली. ताटली परत आली ती लिंबं घेऊन. त्यानंतर त्या बादलीला विश्रांती म्हणून मिळाली नाही. रोज दुपारी चहानंतर सासूबाई पलीकडे जायच्या आणि दोघी पायरीवर बसायच्या. एक मराठी मिसळून इंग्रजी बोलायची, दुसरी सामोअन मिसळून. अळूवड्या खाऊन खाऊन आमचे घसे खाजायला लागले होते.

अशात घराचं इन्स्पेक्शन आलं. घर भाड्याचं, त्यामुळे दर काही महिन्यांनी मालकाच्या वतीने एक बाई येऊन भिंती बघून जाते. तिने खिडकीतून लोंबणारी नळी बघितली, खालची ओली भिंत बघितली आणि गोड हसून म्हणाली की हे मशीन पुढच्या आठवड्यापर्यंत काढलंत की झालं, नो वरीज. इथे कुणी नो वरीज म्हटलं की हातातलं काम टाकून ते आधी करावं लागतं.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. सांगितलं होतं मी पहिल्या दिवसापासून. पण परतीच्या तिकिटाची तारीख जवळ आली होती. मशीन गेलं की सांडपाणी गेलं, सांडपाणी गेलं की सासूबाईंची दुपार गेली. मग त्या कशाला राहतील? मला भीती वाटली.

निदान शेजारी कळवावं म्हणून मी त्या आजींकडे गेले. म्हटलं, आता पाणी येणार नाही, तुमच्या टारोची पंचाईत होईल. त्या हसत सुटल्या. त्यांचं उत्तर इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते.

"माझ्याकडे होज आहे, डिअर. वर ऑकलंडचा पाऊस आहे. माझं टारो पाण्यात पोहतंय. पण मी पाणी नको म्हटलं तर तुझी आई इथे कशी येईल?"

 मी बरं म्हटलं आणि घरी आले.

शनिवारी नवऱ्याने मशीन काढून गराजमध्ये ठेवलं.  रविवारी चहा झाल्यावर लाँड्रीत पाण्याचा आवाज आला म्हणून मी गेले. त्या नळाखाली बादली धरून उभ्या होत्या. स्वच्छ, पिण्याचं, नळाचं पाणी. बाहेर पाऊस पडत होता.

माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आज मशीनचं जरा जास्तच वाया गेलं."

"हो आई," मी म्हटलं. "फुकट घालवू नका. द्या नेऊन."

पावसातून जाऊन त्या तासाभराने परत आल्या. दमल्या होत्या. त्यांनी ग्लास घेतला, सिंकच्या नळाखाली धरला आणि गटागटा प्यायल्या. उकळणं नाही, कळशी नाही. नवरा तोंड उघडं टाकून बघत होता. अखेर त्याने धीर करून विचारलं, "आई, तिकिटाचं काय करायचं? तारीख जवळ आली."

"आता कशी जाऊ?" त्या म्हणाल्या. "बादली तिच्याकडे आहे."

संध्याकाळी बादली आली, पानांनी भरलेली. सासूबाईंनी पानं काढून ओट्यावर ठेवली आणि रिकामी बादली तशीच नळाखाली लावली. मी नवऱ्याला म्हटलं, तिकीट रद्द कर.