कोमरला पाप सापडत नाही

माणूस जन्मतःच पापी असतो, याबद्दल झीलंड या डच प्रांतातल्या आमच्या गावात दुमत नाही. कांद्याच्या पिकाबद्दल असेल, समुद्राच्या बांधाबद्दल असेल, याबद्दल नाही. रविवारी दोन्ही वेळा चर्च भरतं, पण भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायच्या प्रभुभोजनाच्या मेजाशी जेमतेम दहाबारा जण उठून जातात. ज्याला आपलं पाप आतून पोळलं आहे त्यानेच जायचं, बाकीच्यांनी बसून पाहायचं, अशी रीत. पोळलं की नाही, हे मंडळीचे पंच घरी येऊन विचारतात.

सायकली दुरुस्त करणाऱ्या कोमर डिंगेमान्सेची अडचण अशी होती की त्याला काही पोळतच नव्हतं. पापावर त्याचा पूर्ण विश्वास होता, फक्त दुःख होत नव्हतं. त्याची बायको यिक्के तरुणपणीच रडून रडून मेजापर्यंत पोहोचली होती. लग्नापासून कोमर बाकावर बसून तिची पाठ पाहत आला होता. आता तिचं हृदय थकलं होतं आणि पुढच्या हिवाळ्याचा विषय डॉक्टर टाळत होते.

"या ईस्टरला माझ्या शेजारी येऊन बस. एकदाच," ती म्हणाली.

कोमर पापाच्या शोधाला लागला. रविवारी भर सकाळी त्याने अंगणात धुणं वाळत घातलं. आमच्याकडे रविवारी कोणी सुईत दोरादेखील ओवत नाही. शेजारीण नेल्टियेला वाटलं, बायकोच्या काळजीने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तिने धावत येऊन सगळं धुणं काढलं, घड्या घातल्या आणि मग तिच्या लक्षात आलं की रविवारी काम आपणच केलं. ती महिनाभर रडली. ईस्टरसाठी पंचांनी तिला आनंदाने परवानगी दिली.

"माझं पाप नेल्टिये घेऊन गेली," कोमर हळहळला.

त्या वर्षी पंचांत मीही होतो. वडीलधारे बोगर्ट आणि मी काळे कोट घालून कोमरकडे गेलो. यिक्केने कॉफी ठेवली.

"कोमर, पापाचं ओझं जाणवतं का रे?" बोगर्टनी खोल आवाजात विचारलं.

"आहे म्हणता म्हणजे असणारच, बोगर्टदादा."

"झोप?"

"उशीला डोकं टेकायचा अवकाश."

बोगर्टनी सुस्कारा सोडला. "भूक तरी मेली असेल?"

"कसली मरतेय!" यिक्के मधेच बोलली. "बटाट्यांचं पातेलं पुसून खातो."

बोगर्ट सावरून बसले. "खादाडपणा! बोल, कोमर. कबूल?"

"मी कशाला खादाड?" कोमर घाईने म्हणाला. "ही वाढते, म्हणून मी खातो!"

यिक्केच्या हातातला चमचा बशीवर पडला. "मी वाढते? ताट कोण पुढे करतं रे? चाळीस वर्षं रांधून घातलं, आणि पंचांसमोर माझ्यावर ढकलतोस?"

बोगर्ट उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मना केलेलं फळ खाल्लं तेव्हा आदामाने देवाला हेच उत्तर दिलं होतं. 'या बाईने दिलं, म्हणून मी खाल्लं.' जसंच्या तसं! कोमर, अभिनंदन!"

कोमरला अभिनंदन ऐकूच आलं नाही. तो यिक्केकडे पाहत होता. तिने तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. त्याची कॉफी तशीच गार झाली. परवानगी मात्र मिळाली.

ईस्टरच्या रविवारी चर्चच्या पाळकांनी मेजाशी बोलावलं. यिक्के उठली. कोमर बसूनच.

"चल ना," ती कुजबुजली.

"नाही गं. माझ्यासारख्या माणसाने तिथे बसायचं? माझी लायकी नाही."

मागच्या बाकावरून बोगर्ट कौतुकाने पुटपुटले, "वा! काय खोल गेलंय!" स्वतः बोगर्ट याच कारणाने आयुष्यात कधी मेजाशी गेले नव्हते.

"तुम्ही गप्प बसा हो," यिक्के म्हणाली. सगळ्या चर्चला ऐकू गेलं. मग ती कोमरकडे वळली. "लायकी नाही ना? मग मला धर. माझ्याने एकटीने तिथवर चालवत नाही."

कोमर उठला. तिच्या काखेत हात घालून पांढऱ्या चादरीच्या मेजापर्यंत तिला नेलं, खुर्ची ओढून बसवलं आणि परत फिरू लागला. तिने त्याची बाही सोडली नाही. तो बसला. प्याला आला तेव्हा तिचे हात थरथरत होते, म्हणून त्याने तो तिच्या ओठांशी धरला, आणि मग उरलेला घोट स्वतः घेतला.