पहिला घाव

शिकारीच्या गोष्टी पुरुषांनी सांगायच्या आणि बायकांनी तोंडाला पदर लावून ऐकायच्या, अशी आमच्या गावची रीत. डुक्कर केवढं होतं, सुळे किती लांब होते, कोण झाडावर चढलं, पळताना कोणाचं धोतर सुटलं. या गोष्टींत बाई कुठे नसते. पण डुकराचं मटण घरातल्या चुलीवर चालत नाही म्हणून अंगणात तीन दगड मांडून धूर खात बसते ती बाईच, आणि दुसऱ्या दिवशी राखेनं पातेलं घासत बसते तीही बाईच. म्हणून ही एक गोष्ट मी सांगते. फार शौर्याची नाही. आठवली की अजूनही अंग जड होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तामसीकडच्या आमच्या गावात लग्न होऊन आले त्याला बरीच वर्षं झाली होती. माहेर भैंशाचं, जिनिंगच्या भोंग्यावर जेवणवेळ ठरवणाऱ्या गावचं. मला डुक्कर माहीत होतं ते गटारातलं. इथे आल्यावर कळलं की रानातलं डुक्कर म्हणजे शेतीतला बिनबोलावलेला भागीदार. ज्वारीच्या कणसात दूध भरलं की कळप शिवारात उतरायचा. खायचा थोडं, तुडवायचा फार. सकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून आडवी झालेली ज्वारी बघायची.

आणि गावात बंदूक एकच, ती आमच्या घरात. ठासणीची. सासऱ्यांच्या नावावर पीकराखणीचं लायसन होतं, ते गेल्यावर यांच्या नावावर आलं. लोकांना वारशात विहीर मिळते, आम्हाला बंदूक मिळाली. इलेक्शन आलं की ठाण्यात नेऊन जमा करा, इलेक्शन झालं की परत आणा, आणि मधल्या दिवसांत गाव दारात. "चला, तुमच्याबिगर कोन हाय?" कायद्यात काय बसतं, काय नाही, हे कोणी विचारत नसे. हे बिचारे उठायचे. मुळात माणूस शिकारीचा नव्हता. बैलाच्या पाठीवर चाबूक उगारायचा आणि खाली आणताना हळूच टेकवायचा, असा. बंदुकीच्या धक्क्यानं खांदा काळानिळा व्हायचा. मग मी तेल कोमट करून चोळायची आणि चोळता चोळता जे काही बोलायची, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या हंगामात तर कहर झाला. दर दोन-चार दिवसांनी हाका निघे. हाका म्हणजे गावातले पुरुष डबे वाजवत, ओरडत नाल्यातून जनावर हुसकावणार आणि दुसऱ्या टोकाला बंदुकीवाला आणि बरछीवाले टपून बसणार. हाक्याच्या दिवशी शेतातलं काम बंद. चहाला मात्र सुट्टी नसायची, आणि चहा आमच्याच घरचा. मी थकले होते. रागही यायचा नाही इतकी थकले होते.

हाक्याची एक जुनी रीत होती. ज्याचा घाव जनावराला पहिला लागला, त्याचा मान. मागची मांडी त्याच्या घरी जायची, बाकीचे वाटे गावभर. पण त्याच रीतीला दुसरी बाजू होती. जनावर जखमी होऊन निसटलं, तर ज्याचा पहिला घाव त्यानंच ते शोधून सोडवायचं. सोडवायचं म्हणजे मारून त्याचे हाल संपवायचे. आणि तोवर त्यानं घरच्या ज्वारीची भाकर खायची नाही. सासूबाई याचा अर्थ असा सांगत: दाणा राखायसाठी घाव घातला, मग घाव निस्तरल्याशिवाय दाण्यावर हक्क कसला?

आमच्या धुऱ्याला धुरा लागून चुलत दिराचं शेत. त्यांना मी भाऊजी म्हणे. भाऊजी बरछीचे मोठे दर्दी. बरछीपेक्षा जीभ जास्त लांब फेकायचे, असं त्यांची बायको, म्हणजे माझ्या जाऊबाईच म्हणायच्या. त्या दिवशी सकाळी नाल्यातून एकटा नर निघाला. भला थोरला. यांची गोळी सुटली, त्याच दमात भाऊजींची बरछी गेली. जनावर गुडघ्यावर बसलं, उठलं, आडव्या आलेल्या कुत्र्याला फाडलं आणि छातीएवढ्या पराटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकात, घुसलं.

आता पडतंच, म्हणून मंडळी धुऱ्यावर बसली. आणि बसल्या बसल्या भांडण लागलं.

"माही बरछी आधी लागली," भाऊजी म्हणाले. "हे पाहा, पात्याले रक्त हाय."

"गोळी आधी सुटली ना भाऊ," कोणी तरी म्हणालं.

"सुटली आधी, लागली मागून! म्या सोताच्या डोयानं पाह्यलं."

जनावर पडायचं होतं आणि मांडी वाटून झाली होती. भाऊजींनी घरी निरोपही धाडला, आणि जाऊबाईंनी पाट्यावर मसाला वाटायला घेतला. त्याचा वास आमच्या अंगणापर्यंत येत होता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत.

दुपार कलली तरी जनावर पडलं नाही. पराटीत शिरून बघायची कोणाची छाती होईना. जखमी डुक्कर माणसाला बघून पळत नाही, अंगावर येतं, हे सगळ्यांना ठाऊक. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात रीतीची दुसरी बाजू आली. संध्याकाळी पारावर मंडळी जमली तेव्हा भाऊजींच्या बरछीचं पातं लख्ख धुतलेलं होतं.

"माही बरछी तं झुडपात गेली," ते म्हणाले. "रक्त व्हय ते? कुत्र्याचं असंल."

कोणी हसलं नाही. हे उठले, म्हणाले, "गोळी माहीच लागली," आणि घरी आले. मी ताट वाढलं होतं. त्यांनी भाकर उचलून परत टोपल्यात ठेवली आणि दुकानातले फुटाणे मागितले.

मी सासूबाईंकडे बघितलं. वाटलं, आई आहे, म्हणेल काही. त्या म्हणाल्या, "रीत हाय. त्याचा बाप बी राह्यला व्हता फुटाण्यावर." त्या रात्री मला सगळ्या घराचा संताप आला. रीत, बंदूक, फुटाणे, सगळ्याचा.

दुसऱ्या दिवसापासून यांचं एकच काम. सकाळी बंदूक घेऊन निघायचं आणि दिवसभर तास न् तास पराटी तुडवून दिवस मावळायला परतायचं. धोतराला गोखरू चिकटलेले असायचे. ते मी एकेक उपटून काढायची. बोलणं फारसं नव्हतं. एकदा म्हणाले, "पाण्यावर खूर हाय ताजे. पन एक कणीस खाल्लेलं कुठी दिसत नाही."

"मंग गेलं असंल बाजारहत्नूरकडच्या रानात," मी म्हणाले.

"खूर हाय म्हनतो ना."

गावाला मात्र ज्वारीत कळप उतरत नाही याचाच आनंद. डुकरांनी धसका घेतला, असं पारावर ठरलं. अडचण कापसाची होती. पहिल्या वेचणीचा कापूस फुटून बोंडाबाहेर लोंबत होता, वाऱ्यानं खाली मातीत पडत होता. आभाळही भरून यायचं. एक सर आली असती तर सगळा कापूस काळा पडला असता. आणि एकही बाई पराटीत पाय ठेवायला तयार नव्हती. खरंच आहे, वाकून वेचणाऱ्या बाईला समोरून येणारं जनावर दिसतं कुठे? सकाळी बायका पाराशी जमायच्या, घटकाभर उभ्या राहायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि घरी जायच्या. शेवटी जाऊबाईंनीच तोंड उघडलं. "गोळी तुमची अन् नास आमच्या कापसाचा काऊन व्हावा?" म्हणाल्या. चार दिवसांपूर्वी मांडीचा मसाला वाटणारी हीच बाई. मी घरी येऊन दार लावलं आणि रडले.

आठवडा उलटला. यांची गालफडं बसली. फुटाणे आणि चहा यांवर दिवसभर रान तुडवणारा माणूस किती दिवस टिकणार? मला डुकराची भीती कमी आणि याची जास्त वाटू लागली, की एक दिवस जनावर खरंच समोर येईल आणि या माणसाच्या हातात बंदूक उचलायची ताकद नसेल. नवरा जाईल, आणि गाव म्हणेल, रीतीचा माणूस होता. ते कौतुक मला नको होतं.

एका सकाळी मी कापसाची ओटी कमरेला बांधली. हे उंबऱ्यात उभे.

"काऊन जाऊन राह्यली तू?"

"कापूस काय तुमी डुक्कर शोधायची वाट पाह्यते का?"

"मराले जातं का?"

"तुमी बी तेच करून राह्यले ना. दोघं जाऊ."

ते आत गेले. मग बंदूक घेतली आणि पुढे चालू लागले. आमच्या शेतात शिरलो. ते पुढच्या तासात, म्हणजे पराटीच्या ओळीत, बंदूक धरून, मी मागे वेचत. पराटी सळसळली की दोघं जागीच थांबायचो. बोंडाचे काटे बोटांत शिरत होते, पण ओटी भरत होती. धुऱ्यावर बायका उभ्या राहून बघत होत्या. थोड्या वेळानं जाऊबाई कुरकुरत माझ्या शेजारच्या तासाला लागल्या. "तुले काही झालं तं मले झगड्याले कोन हाय?" म्हणाल्या. मग एकेक करून बाकीच्या आल्या.

दुपारच्या आत आम्ही शेताच्या पार टोकाला पोचलो. तिथे आमची पराटी संपते, ज्वारीचा एक पट्टा लागतो आणि पुढे नाला. आधी माश्यांचा आवाज आला, मग वास. यांनी हात वर केला. बायका जागच्या जागी थिजल्या. मी का कोण जाणे, पुढे गेले.

नाल्याच्या काठाला, शिंदीच्या दाट झुडपाआड, बुंध्याशी चिखलात ते पडलं होतं. जिवंत होतं. ज्याच्या भीतीनं गावाचा कापूस मातीत पडत होता ते हे. कातडं बाजेवर टाकलेल्या ओल्या पोत्यासारखं हाडांवरून लोंबत होतं. आम्हाला बघून त्यानं पुढचे पाय रोवले, अर्धं उठलं आणि बसकण मारली. खालचा जबडा मोडून एका बाजूला लटकला होता. गोळी तिथे लागली होती. बाकी अंगावर कुठे ओरखडाही नव्हता.

त्याच्या पुढ्यात ज्वारीची कणसं पडली होती. बरीच. त्यानंच अंगानं धांडे, ज्वारीची ताटं, पाडून मुसकटानं ढकलत आणलेली. सगळी लाळेनं चिकट झाली होती, काहींना रक्त लागलं होतं. पण कणसावरचा दाणा जागचा हलला नव्हता. खुरांवरून दिसत होतं, पाण्याशी ते जात होतं, परत येत होतं, कणीस तोंडाशी धरत होतं. तिन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती.

हे बंदूक न उचलता उभेच राहिले.

"सोडवा त्याले," मी म्हणाले.

बार झाला. आवाज ऐकून गाव धावत आलं, त्यात भाऊजी सगळ्यात पुढे. त्यांनी काठीनं जनावर उलटंपालटं करून पाहिलं. "पाहा नं, फऱ्यापाशी कुठी तरी बरछीचा घाव असंल," म्हणाले. जाऊबाईंनी सगळ्यांदेखत त्यांच्या हातातली काठी ओढून नाल्यात फेकली. वाटे पडले नाहीत. वाटण्यासारखं त्याच्या अंगावर काही उरलंच नव्हतं. खड्डा यांनी खणला.

पुढच्या वर्षी ज्वारी दुधात आली तेव्हा गाव पुन्हा दारात आलं. हे आत बसून राहिले. मी चौकटीत उभी राहून म्हणाले, "जखमी होऊन निसटलं तं मागं कोन जाईन, ते ठरवून या. मंग बंदूक घेऊन जा." कोणी ठरवून आलं नाही. डबे वाजवत, जाळ करत लोकांनी ज्वारी राखली, काही गेली, काही राहिली. त्यानंतरच्या इलेक्शनला बंदूक ठाण्यात गेली ती आम्ही आणलीच नाही. शिकारीनं काय शिकवलं असं आता शहरातली नातवंडं विचारतात. मला सांगता येत नाही. मला फक्त ती ओली कणसं आठवतात.

त्या दिवशी खड्डा बुजवून हे घरी आले, न्हाणीत बराच वेळ पाणी घेत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "सुटलं जनावर. टाक भाकरी." मी परात ओढली. इतक्या दिवसांनी त्यांच्यासाठी भाकरी थापताना हात हलके व्हायला हवे होते. पिठलं केलं, गरम भाकर त्यांच्या ताटात टाकली आणि समोर बसले. मी मनापासून वाट बघत होते, की आता हे खातील.

त्यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला. चावत राहिले. बराच वेळ चावत राहिले, घास काही उतरेना.

"म्या रीत म्हनून खाल्लं नाही," ते म्हणाले. "त्याले तं खाताच येत नव्हतं."

"जेवा," मी म्हणाले.

त्यांनी घास गिळला आणि हात ताटातच ठेवून बसून राहिले. तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला तेव्हा मी उठले.